चार पोस्टकार्डांएवढा आधार

छोट्या, चपळ मोटारीला भारी टायर बसवण्याची हौस वाढते आहे. पण ओल्या रस्त्यावर तो टायर कसा वागेल, हे ग्राहकाला सांगण्याची व्यवस्था आपल्याकडे नाही. परिणामी चाचणी होते ती भर वाहतुकीच्या रस्त्यावर.

सप्टेंबर २०२५ च्या २२ तारखेपासून नव्या टायरवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. छोट्या मोटारींवरचा करही त्याच दिवशी उतरला, त्यामुळे चर्चा झाली ती मोटारींच्या किमतींची. टायरच्या करकपातीकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. तथापि एका वर्गासाठी ती अधिक महत्त्वाची होती. मारुतीची स्विफ्ट, ह्युंदाईची आय-२० एन लाइन, टाटांची २०२४ मध्ये आलेली अल्ट्रोझ रेसर, किंवा चाकणच्या कारखान्यातील उत्पादन २०२२ मध्ये थांबल्यानंतरही मालकांनी जिवापाड जपलेली पोलो जीटी, अशा छोट्या पण चपळ मोटारी बाळगणाऱ्या शहरी तरुणांचा हा वर्ग आहे. मोटारीबरोबर आलेले 'कंपनीचे टायर' उतरवून त्या जागी रुंद, मऊ रबराचे 'परफॉर्मन्स' टायर चढवणे, ही या वर्गाची पहिली हौस असते.

ही हौस पुरवली जाते ती मुंबईत कुर्ला-कलिना भागातील सीएसटी रोडवर, पुण्यात नाना पेठेत आणि प्रत्येक शहरातील अशाच एखाद्या बाजारात. तेथे बोलणे होते ते रुंदीचे, नक्षीचे, ब्रँडचे आणि अर्थातच किमतीचे. 'ताशी ८० किलोमीटरच्या वेगात असताना, पावसात ब्रेक दाबला, तर या टायरवर मोटार किती मीटरमध्ये थांबेल?' हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. विचारलाच, तर दुकानदाराकडे त्याचे उत्तर नसते. त्यात त्याचा दोष नाही. ते उत्तर त्याच्यापर्यंत पोहोचेल अशी सोयच नाही. मग नव्या टायरची पारख होते ती पुढच्या रविवारी पहाटे, द्रुतगती मार्गावर किंवा ताम्हिणी-माळशेजच्या वळणांवर. प्रयोगशाळेचे काम सार्वजनिक रस्त्यावर उरकले जाते आणि त्या प्रयोगात इतर वाहनचालकही नकळत सामील होतात.

बारीक टायर कशासाठी?

मोटार बनवणारी कंपनी चांगले टायर का देत नाही, असा या मंडळींचा नेहमीचा आक्षेप असतो. तो पूर्णपणे खरा नाही. टायरकडून तीन गोष्टी हव्या असतात: रस्त्यावर सहज घरंगळावा, म्हणजे इंधन कमी जळेल, रस्ता घट्ट धरावा, म्हणजे मोटार वेळेत थांबेल व वळेल, आणि लवकर झिजू नये. यांपैकी एक वाढवावी तर दुसरी कमी होते. रबर मऊ केले तर पकड वाढते, पण झीज वाढते आणि बहुधा इंधनही जास्त लागते.

भारतीय ग्राहक मोटार घेताना पहिला प्रश्न 'ॲव्हरेज किती?' हाच विचारतो. शिवाय प्रत्येक निर्मात्याच्या विकल्या गेलेल्या मोटारींच्या सरासरी इंधनवापरावर २०१७-१८ पासून सरकारी बंधन आहे आणि २०२२-२३ पासून ते अधिक कडक झाले आहे. त्यामुळे निर्मात्याचा कल सहज घरंगळणाऱ्या, बारीक आणि टिकाऊ टायरकडे असणे स्वाभाविक आहे. स्विफ्टच्या खालच्या श्रेणीत १६५/८० आर १४ हे माप येते, तर वरच्या श्रेणीत १८५/६५ आर १५. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा बाजूच्या भिंतीच्या उंचीचा, रुंदीच्या टक्केवारीत. तिसरा रिमच्या व्यासाचा, इंचांत. दोन्ही मापांत टायरचा एकूण व्यास जवळजवळ सारखाच, सुमारे ६२० मिलिमीटर, ठेवलेला आहे.

हे साम्य योगायोगाचे नाही. वेगदर्शक काटा चाकाच्या फेऱ्यांवरून वेग सांगतो; ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणाही चाकाच्या गतीवरच विसंबून असते. कुणी हौसेने १८५/६५ च्या जागी २०५/६५ आर १५ बसवला, तर व्यास सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. काटा तोच वेग दाखवत असताना मोटार पूर्वीपेक्षा चार टक्के जोरात धावत असते. याउलट १९५/५५ आर १६ घेतला, तर रिम एक इंचाने मोठी होऊनही एकूण व्यास मूळच्या जवळ राहतो. जाणकार मंडळी हाच मार्ग धरतात. मात्र तेथेही एक खाच आहे. टायरच्या बाजूवर छापलेल्या ८८ या भारनिर्देशांकाचा अर्थ एका टायरला ५६० किलो पेलतात असा आहे. ८७ म्हणजे ५४५ किलो आणि ८२ म्हणजे ४७५ किलो. कमी उंचीच्या देखण्या टायरमध्ये हा आकडा पुष्कळदा मूळ टायरपेक्षा खाली जातो. पाच माणसे आणि सामान घेऊन गावी निघालेल्या मोटारीला तो फरक जाणवतो, विशेषतः उन्हाळ्यात तापलेल्या काँक्रीटवर.

कायद्याची बाजूही विसरता येत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ निर्मात्याने नोंदवलेल्या तपशिलाहून वेगळ्या फेरफारांना आळा घालते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा अर्थ कडकपणेच लावला. त्याच मोटारीच्या वरच्या श्रेणीत निर्मात्याने दिलेले माप निवडणे हा त्यातल्या त्यात निर्धोक पर्याय होय.

रुंदीचा भ्रम

टायर रुंद झाला की रस्त्याला टेकणारे क्षेत्र त्याच प्रमाणात वाढते, ही समजूत सर्वत्र आढळते. ती बरीचशी चुकीची आहे. टायरमधील हवाच मोटारीचे बहुतेक वजन पेलत असते. माणसांसह ११०० किलो वजनाची छोटी मोटार धरली, तर प्रत्येक चाकावर सरासरी २७५ किलो येतात. हवेचा दाब नेहमीचा ३२ पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलो. भागाकार केला तर प्रत्येक चाकाखाली सुमारे १२२ चौरस सेंटिमीटर रबर रस्त्याला टेकते. टपाल खात्याचे पोस्टकार्ड १४ बाय ९ सेंटिमीटरचे, म्हणजे १२६ चौरस सेंटिमीटरचे असते. अवघे कुटुंब घेऊन धावणाऱ्या मोटारीचा रस्त्याशी असलेला संबंध एवढाच: चार पोस्टकार्डे.

वजन आणि दाब तेच ठेवून टायर रुंद केला, तर या पोस्टकार्डाचा आकार बदलतो, क्षेत्रफळ फारसे बदलत नाही. ते पूर्वी उभे होते, आता आडवे होते. कोरड्या रस्त्यावर वळण घेताना त्याचा फायदा होतो. स्टिअरिंगला मोटार तत्परतेने प्रतिसाद देते आणि हौशी चालकाला जो आनंद हवा असतो तो मिळतो. पाणी साचलेल्या रस्त्यावर मात्र रुंद टायरला एकाच वेळी अधिक पाणी बाजूला सारावे लागते. ते जमले नाही तर टायर पाण्यावर चढतो, रस्ता सुटतो आणि स्टिअरिंग व ब्रेक दोन्ही निरुपयोगी होतात.

हे कोणत्या वेगाला घडते, याचा एक ढोबळ नियम १९६० च्या दशकात अमेरिकेच्या नासा या संस्थेतील संशोधकांनी विमानांच्या टायरवरील प्रयोगांतून मांडला. नक्षीच्या खोलीहून अधिक पाणी असेल, किंवा टायर गुळगुळीत झाला असेल, तर तरंगण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. या नियमाने ३२ पौंड दाबाला तो ताशी सुमारे ९४ किलोमीटर येतो. दाब २४ पौंडांवर उतरला तर सुमारे ८२. मोटारीच्या टायरला हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. दिशा मात्र तीच राहते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील मोटारींची वेगमर्यादा ताशी १०० आणि समृद्धी महामार्गावरील १२० आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे हवा तपासण्यात केलेल्या आळसाची किंमत कळते. हजारो रुपयांच्या टायरमध्ये हवा कमी असेल, तर तो पैसा पाण्यात गेला असेच म्हणावे लागेल.

खरा फरक रबराचा

मग परफॉर्मन्स टायर हे निव्वळ खूळ आहे काय? तसेही नाही. चांगल्या टायरचे मोठेपण रुंदीपेक्षा रबराच्या मिश्रणात आणि नक्षीच्या रचनेत असते. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी मिशेलिन या फ्रेंच कंपनीने रबरातील काजळीची जागा मोठ्या प्रमाणात सिलिकाला दिली. घरंगळण्याचा विरोध कमी करूनही ओल्या रस्त्यावरची पकड टिकवता येते, हे त्यातून सिद्ध झाले. पुढे साऱ्या जगाने हा मार्ग धरला. आजचा उत्तम टायर पावसात सामान्य टायरहून किती सरस ठरू शकतो, हे साध्या गणिताने दाखवता येईल.

ताशी ८० किलोमीटरच्या वेगात असलेल्या दोन सारख्या मोटारी ओल्या रस्त्यावर एकाच क्षणी ब्रेक दाबतात असे समजू. एकीच्या टायरचा घर्षणगुणांक ०.६, दुसरीचा ०.५. पहिली सुमारे ४२ मीटरवर थांबते, दुसरी ५० मीटरवर. आठ मीटर म्हणजे दोन छोट्या मोटारींची लांबी. त्याहून बोलका आकडा असा की, जेथे पहिली मोटार निश्चल उभी राहिली, तेथून जाताना दुसरीचा वेग अजून ताशी सुमारे ३३ किलोमीटर असतो. पुढे ट्रक उभा असेल तर पहिलीतील माणसे सुटकेचा नि:श्वास टाकतील आणि दुसरीतील रुग्णालयात जातील.

युरोपातील टायरच्या जुन्या वर्गवारीत सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या वर्गामधील अंतर ताशी ८० च्या वेगाला १८ मीटरपर्यंत जात असे. परफॉर्मन्स टायर म्हणून विकला जाणारा प्रत्येक टायर वरच्या वर्गात असतोच असे नाही. काही टायर कोरड्या ट्रॅकसाठीच घडवलेले असतात. त्यांच्यावर पाणी वाहून नेणाऱ्या खाचा कमी असतात. जून ते सप्टेंबर पाऊस झेलणाऱ्या कोकणपट्टीत आणि घाटात असा टायर मिरवणे धोक्याचे आहे. नाव एकच, पण गुण परस्परविरोधी. म्हणूनच ग्राहकाला आकडा हवा.

आकडा आहे, पण कपाटात

विशेष म्हणजे हा आकडा भारतात मोजला जातो. टायरवर आयएसआय चिन्ह सक्तीचे करणारा आदेश २००९ चा. त्यानंतर जून २०२२ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली आणि घरंगळण्याचा विरोध, ओल्या रस्त्यावरील पकड व टायरचा आवाज या तीन कसोट्या बंधनकारक केल्या. टायरच्या नव्या रचनांना त्या १ ऑक्टोबर २०२२ पासून आणि जुन्या रचनांना २०२३ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाल्या. पकडीची कसोटी प्रमाणित संदर्भ टायरशी तुलना करून घेतली जाते. हा निर्णय स्वागतार्ह होता. त्यामुळे अगदी निकृष्ट टायरना बाजाराचे दार बंद होण्याची सोय झाली.

पण उत्तीर्ण झालेल्यांत पहिला कोण आणि काठावरचा कोण, हे ग्राहकाला कळत नाही. युरोपीय संघात २०१२ पासून प्रत्येक टायरसोबत इंधनबचत, ओली पकड आणि आवाज या तिन्हींची पट्टी द्यावी लागते. मे २०२१ पासून ती अधिक सोपी करण्यात आली. २०२४ पासून तेथे नव्या रचनांची पकड झिजलेल्या अवस्थेतही तपासली जाऊ लागली. अमेरिकेत झीज, ओली पकड आणि उष्णता सोसण्याची शक्ती यांची प्रतवारी टायरच्या बाजूवरच छापलेली असते. आपल्याकडे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने टायरसाठी तारांकन आणले खरे. परंतु ते ऐच्छिक आहे आणि त्याचा भर इंधनबचतीवर आहे. म्हणजे जो प्रश्न भारतीय ग्राहक आपणहून विचारतो, त्याचेच उत्तर पुन्हा दिले गेले. जो त्याने विचारायला हवा, तो अनुत्तरितच राहिला.

ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप' या योजनेखाली मोटारींच्या अपघात-चाचण्या होऊ लागल्या आणि किती तारे मिळाले हे जाहिरातीत झळकू लागले. धडक बसल्यावर मोटार माणसाला किती वाचवील, हे त्यातून कळते. धडकच टळावी यासाठी शेवटी उपयोगी पडतो तो टायर. त्याच्या पकडीला मात्र एकही तारा नाही.

उद्योगाचे म्हणणेही ऐकायला हवे. पट्टीवरील एका अक्षरात टायरचे सारे गुण मावत नाहीत. खोल पाण्यातले वागणे, टिकाऊपणा, खड्डे सोसण्याची ताकद हे तिच्यात येत नाही. भारतीय रस्त्यांवर तर बाजूची भिंत किती दणकट आहे, हाही जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. हे सारे मान्य केले तरी अपुरी माहिती नसलेल्या माहितीपेक्षा बरी. फ्रिजवरील ताऱ्यांतूनही फ्रिजचे सारे गुण कळत नाहीत, तरीही ग्राहक ते पाहू लागला आणि निर्मात्यांना त्याची दखल घ्यावी लागली.

यात भर पडली ती आयातीवरील निर्बंधांची. जून २०२० मध्ये केंद्राने टायरची आयात मुक्त यादीतून काढून परवान्याखाली आणली. देशी उद्योगाला संरक्षण देण्याचा हेतू समजण्यासारखा होता आणि देशी कंपन्यांची क्षमताही कमी नाही. पण छोट्या मोटारींच्या मापांतील उच्च दर्जाच्या परदेशी टायरची निवड त्यामुळे आणखी आक्रसली. स्पर्धा कमी झाली की माहिती देण्याची निकडही कमी होते.

'दैवी आपत्ती' नव्हे

हा प्रश्न हौशी तरुणांपुरता नाही, हे एका न्यायालयीन निर्णयावरून दिसते. पुण्याहून मुंबईकडे येणाऱ्या मोटारीचे मागचे चाक फुटून २०१० मध्ये झालेल्या अपघातात एका प्रवाशाचा मृत्यू झाला. टायर फुटणे ही दैवी आपत्ती असल्याने भरपाई देय नाही, असा बचाव विमा कंपनीने केला. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तो फेटाळला. टायर फुटण्यामागे अतिवेग, कमी किंवा जास्त हवा, जुने टायर, तापमान अशी कारणे असतात. निघण्यापूर्वी टायर तपासणे हे चालकाचे कर्तव्य आहे, असा न्यायालयाचा दृष्टिकोन होता. समृद्धी महामार्गावरही २०२३ मध्ये परिवहन विभागाने वाहनांचे टायर तपासून झिजलेल्या टायरच्या गाड्यांना अटकाव करण्याची मोहीम घेतली.

नियमाने मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. टायर कोणत्या वर्षाच्या कितव्या आठवड्यात बनला, हे बाजूवरच्या चार आकड्यांत दिलेले असते. २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. कर्तव्य चालकाचे, हे योग्यच. पण कर्तव्य ज्याच्यावर टाकायचे, त्याला माहितीचा हक्कही द्यायला हवा. झीज डोळ्यांना दिसते, हवा मोजता येते. रबराची ओल्या रस्त्यावरील पकड मात्र पाहून, हात लावून किंवा किंमत विचारून कळत नाही.

प्रयोग कोठे करावा?

नवा टायर अजमावण्याची इच्छा गैर नाही. तिला जागा मात्र हवी. चेन्नईजवळचे इरुंगट्टुकोट्टाई, कोईमतूरचा कारी ट्रॅक, ग्रेटर नोएडातील बुद्ध सर्किट ही परिचित ठिकाणे मुंबई-पुण्याहून शेकडो किलोमीटर दूर आहेत. इंदूरजवळ पिथमपूर येथे २०२१ मध्ये खुला झालेला ११.३ किलोमीटरचा वेगवान चाचणीमार्ग मुख्यतः उद्योगासाठी आहे. वाहन उद्योगाची राजधानी म्हणवणाऱ्या पुण्याच्या परिसरात सामान्य वाहनधारकाला ओल्या, बंदिस्त पृष्ठभागावर आपल्या मोटारीचे ब्रेक आणि टायर समजून घेता येतील, अशी परवडणारी सोय उभारणे अवघड नसावे. शासन, टायर कंपन्या आणि मोटारप्रेमींच्या संघटना यांनी मनावर घेतले, तर घाटातले कित्येक धोकादायक 'प्रयोग' थांबतील.

तोवर काही साध्या गोष्टी पाळता येतील. नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून काढतानाचा गुळगुळीतपणा राहिलेला असतो. पहिले काहीशे किलोमीटर मोटार बेताने चालवावी. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या मोटारीला दोनच नवे टायर घेतले तर ते पुढे बसवण्याची पद्धत सर्रास आढळते, ती चुकीची आहे. ते मागे बसवावेत. पावसात मागची चाके सुटली की मोटार गरकन फिरते आणि ती सावरणे बहुतेकांना जमत नाही. स्टेपनीचे माप वेगळे असेल तर ती तात्पुरती समजावी. आणि हवा थंड टायरमध्येच मोजावी.

एवढे करूनही मूळ प्रश्न उरतोच. देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील किती जणांना आठ मीटर कमी पडले, याची नोंद कोठेही नाही. कसोटी घेणारे नियम आहेत, कसोटी घेणाऱ्या संस्था आहेत, आकडेही तयार आहेत. ते टायरवर छापण्याचा निर्णय तेवढा व्हायचा आहे. त्याला नवे यंत्र लागत नाही, मोठा खर्चही नाही. तो होईपर्यंत मात्र दुकानातील ग्राहक रुंदी आणि नक्षी पाहूनच टायर निवडत राहील, आणि त्याच्या निवडीचा निकाल पहिल्या पावसात, घाटाच्या एखाद्या वळणावर लागेल.